गेनूअण्णांचा स्टायलो

माझ्या पुतणीच्या लग्नानंतर तिच्या अंबाड्यातून अक्षतांबरोबर गवताचं बी निघालं, तेव्हा कुणी काही विचारलंच नाही. सगळ्यांनी गेनूअण्णांकडे बघितलं.

"खिसा चुकला," अण्णा म्हणाले. "तांदूळ डाव्या खिशात हुतं."

गेनूअण्णा आमचे शेजारी. मी नागापूरला कारखान्यात जातो, ते त्यांच्या माळावर. तो माळ म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचं गुरांचं कुरण. उगवायचं ते नुसतं कुसळी गवत. वाळलं की गाईंच्या तोंडाला टोचायचं. मग अण्णांना स्टायलो सापडला, पिवळ्या फुलांचा द्विदल चारा. एकदा रुजला की गवताच्या जोडीनं वर्षानुवर्षं टिकतो, जमीनही सुधारतो. बी मात्र भारी कडक, ते आधी गरम पाण्यात बुडवावं लागतं. अण्णा ते चहाच्या पातेल्यात बुडवतात. त्यांच्याकडचा चहा मी अजून गाळणीकडे बघून पितो.

पहिल्या वर्षी अण्णा माळभर ओणवे होऊन हिंडत. रस्त्यानं जाणारा विचारायचा, "अण्णा, काय हरवलं?"

"हरवलं न्हाई, उगावलंय! बसा खाली."

माझ्या कामावरच्या पँटचे गुडघे त्यातच गेले. दिसली काय, तर दोन पानं.

गाईंना त्या वर्षी माळावर बंदी. त्या गोठ्यात हंबरायच्या आणि अण्णा समजूत घालायचे, "जरा कळ काढा बायांनो, बी पडू द्या." गाव हसलं. पण हळूहळू कुसळीत पिवळी फुलं दिसू लागली, आणि यंदा उन्हाळा लागला तरी माळात हिरवं होतं. अण्णांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं.

तरी हौसाबाईची गाय रोज आत शिरायची. हौसाबाई पलीकडच्या वस्तीवर एकटी राहते. तिची ती एकच गाय. अण्णा असे ओरडायचे की वेशीपर्यंत ऐकू यावं. एका रविवारी मी पाहिलं, तर कुंपणाला तिच्या घराच्या बाजूनं हे एवढं खिंडार! मी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि बुजवायला लागलो.

"ठिव खाली त्ये!" अण्णा धावत आले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "तिची गाय गाभण हाय. मागून चारा न्यायला लाजती ती. म्या दिला तर घ्यायची न्हाई."

"मग रोज ओरडता कशाला?"

अण्णा फांद्या बाजूला सारू लागले. "मला तरी घरात दुसरं कोन हाय रं बोलायला?"

तेवढ्यात गाय खिंडारातून आत आली. अण्णांनी घसा साफ केला. "कुनाची गं ही गाय?"

पलीकडून लगेच उत्तर आलं, "ठाव न्हाई व्हय? तुमच्या गवताला काय सोनं लागलंय का?"

अण्णांनी टोपी नीट केली आणि हसत हसत भांडायला पुढं झाले. मी फांद्या उचलून गुपचूप घरी घेऊन आलो.