एकविसाव्या नंबरचा बूट

दीपमाला गणितात एम.एस्सी. करते हे नेरमधल्या लोकांना पटायचं. ती मास्तरीण होणार नाही हे मात्र पटायचं नाही. "मंग गणित शिकून करते काय?" शेजारणी तिच्या आईला, तुळसाबाईंना, विचारत. तुळसाबाई लेकीने पढवलेलं उत्तर ठसक्यात देत, "ते कारखान्याचं गणित हाय. उपयोजित." उपयोजित हा शब्द ऐकला की शेजारीण विषय बदलायची. एखादी तर दुखण्याचं नाव ऐकावं तशी हळहळायची.

यंदा शेवटचं वर्ष होतं आणि विद्यापीठाची अट होती. एखाद्या खऱ्या उद्योगात सहा आठवडे जायचं, तिथली एक अडचण गणिताने सोडवायची आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची अहवालावर सही घ्यायची. सही शनिवारी झाली तर सोमवारी नागपूरला कंपनीची मुलाखत. नाही झाली तर वर्ष गेलं, आणि शेजारणी होत्याच.

मोठ्या शहरातल्या पोरांना उद्योग पावलोपावली सापडतात. दीपमालाला सापडला तो एकच, सदाशिवरावांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तोही अशासाठी की जिनिंगच्या फाटकावर वडील नागोराव वीस वर्षं बसत आले होते. कापसाच्या दिवसांत त्या फाटकापुढे गाड्यांची अशी रांग लागे की शेवटच्या गाडीचा बैल फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्याची शिंगं बोटभर वाढलेली असत. रांगेत सोयरिकी जुळत, मोडत, आणि वजनकाट्याशी येईपर्यंत पुन्हा जुळत.

"भाऊ, या रांगेचं गणित मांडतो मी," दीपमाला सदाशिवरावांना म्हणाली.

"मांड नं बाई. फक्त रांग मोडू नको. लोकाईले दिसलं पाह्यजे, आपल्याकडं गर्दी हाय."

पंधरा दिवस ती बापाशेजारी स्टुलावर वही घेऊन बसली. कोण किती वाजता आला, किती वाजता सुटला, सगळं लिहिलं. मग तिने तोडगा काढला. गाडी कायले उभी करायची? शेतकऱ्याने सकाळी आठला खिडकीवर टोकन घ्यावं, टोकनावर वेळ लिहिलेली असेल, त्या वेळेला गाडी आणावी. गाडीला वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही, असं तिचं सूत्र सांगत होतं.

पहिल्याच दिवशी रस्ता रिकामा झाला. रिकामा रस्ता पाहून सदाशिवराव गादीवरून उठून फाटकाशी आले. समोरच्या जिनिंगवाल्याने सगळा कापूस पळवला असं त्यांना वाटलं. पण दहापासून एकेक गाडी यायला लागली आणि सुटायला लागली. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने नागोरावांना चहा दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी टोकनसाठी रांग लागली.

खिडकी आठला उघडणार म्हणजे पाचला आलेलं बरं, हा एकाचा साधा विचार. चारला आलेलं आणखी बरं, हा त्याच्या चुलत्याचा. पण चार तास उभं कोण राहणार? एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या लोकांना हे काही अवघड नव्हतं. त्यांनी आपापल्या चपला रांगेत ठेवल्या आणि ते समोरच्या हॉटेलात अनवाणी चहा प्यायला गेले. दीपमाला येऊन पाहते तो फाटकापासून वडाच्या झाडापर्यंत चपलाच चपला. माणूस एक नाही.

"बाबा, हे काय होय?"

"रांग होय," नागोराव म्हणाले. "तूच तं म्हणली होती, माणसाचा वेळ वाचला पाह्यजे."

तेही खरं होतं. तिने वहीत नवा रकाना आखला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी जिनिंगच्या कुत्र्याने रामलाल नावाच्या शेतकऱ्याची डावी चप्पल उचलली, थोडी चघळली आणि रांगेच्या शेवटी नेऊन टाकली. आता रामलालची उजवी चप्पल चौथ्या नंबरवर आणि डावी एकतिसाव्या. रामलालचं म्हणणं, माणसाचा नंबर उजव्या पायावर धरतात. पाचव्या नंबरवाल्याचं म्हणणं, डाव्यावर. भांडण गादीवर बसलेल्या सदाशिवरावांकडे गेलं आणि त्यांनी दीपमालाला बोलावलं.

"चार आन एकतीस. याच्या मधातला काढ नं. गणित कायले शिकून राह्यली?"

"साडेसतरा," दीपमाला नाइलाजाने म्हणाली.

रामलालला सतरा आणि अठराच्या मधे उभं केलं, तेव्हा सतरावा आणि अठरावा दोघेही भांडायला उठले.

शेवटी नागोरावांनीच उपाय काढला. एक लांब सुतळी आणली आणि सगळ्या चपलांच्या पट्ट्यांतून, बुटांच्या नाडीतून ओवून घेतली. शेवटी येणारा जोडा शेवटी ओवला जाई आणि सुटे फक्त खिडकीकडच्या टोकाने, टोकन मिळालं की. मधातून काढायचा तर पुढचे सगळे सोडावे लागत. दीपमालाच्या सांगण्यावरून ते प्रत्येक जोड्याच्या तळव्यावर खडूने ओवल्याची वेळही लिहीत. कुत्रा दोन वेळा येऊन सुतळी हुंगून गेला.

शनिवारी परीक्षक आले, प्राध्यापक हरिसिंग राठोड. यवतमाळला जाणारी साडेनऊची बस त्यांना धरायची होती. गादीवर पांढरी चादर पाहून त्यांनी काळे बूट दाराशी काढले आणि आत बसून अहवाल चाळू लागले. एकोणिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"टोकनच्या रांगेत पुढे वीस जण असतील, तर एकविसाव्याला साधारण बेचाळीस मिनिटं लागतील. हा आकडा कुठून आणला?"

"मोजला सर. सूत्रातून येते आणि वहीतही आहे."

"वही कोणीही भरतं. मुलं घरी बसून आकडे टाकतात आणि खाली 'प्रत्यक्ष निरीक्षण' लिहितात. तीस वर्षं पाहतोय मी." त्यांनी वही न उघडताच परत दिली. "माझ्यासमोर एक तरी मोजमाप सिद्ध करून दाखव. नाहीतर सही नाही."

"सर, सोमवारी मुलाखत आहे माझी."

"म्हणून काय चाळीस मिनिटं रांगेत उभा राहू मी?" त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ वीस. ते उठले, दाराशी आले आणि तिथेच थांबले. बूट नव्हते.

झालं होतं असं की रांगेच्या शेवटी बसलेल्या नागोरावांना दाराशी बेवारशी बूट दिसले. जवळपास कुत्रा घुटमळत होता, आणि त्या दिवशी तासभर उशीर झालेली खिडकी नुकती कुठे उघडत होती. या आवारात जोडा काढून जाणारा माणूस नंबरासाठीच काढतो, हा त्यांचा आठवडाभराचा अनुभव. त्यांनी बूट आणले, खडूने वेळ घातली आणि ओवून टाकले.

"ते माझे आहेत. काढा," सर म्हणाले.

"काढतो नं सर. तेरा जण होऊ द्या फक्त."

"अहो, मी कापूस आणलेला नाही."

"नसू द्या. नंबर तं लागला नं."

सर सुतळीकडे वाकले, तसा मागचा नंबरवाला पुढे आला. तो रामलालच होता. "सर, मधातून सुतळी तोडान तं आमचं काय? मी आधीच एक डाव साडेसतरावा झालो हावो."

"जो आधी आला तो आधी सुटंन," नागोराव समजावून म्हणाले. "माही पोरगी म्हणते, तुमच्या पुस्तकातबी असंच लिहेल हाय."

ते पुस्तक सर स्वतःच शिकवत. डिसेंबरातली फरशी पायाला झोंबत होती. साडेनऊची बस फाटकावरून त्यांच्या देखत गेली. रामलालने त्यांना एक चहा पाजला, मग दुसरा, आणि दुसऱ्या चहापर्यंत सरांना सोयाबीनपासून सोयरिकीपर्यंत सगळं कळलं. दीपमाला बाजूला उभी होती. सही गेली, असं तिने मनात धरून टाकलं होतं.

अखेर खिडकी आली. "नाव, गाव, गाडी नंबर," आतून आवाज आला. ते सांगितल्याशिवाय सुतळी सुटत नव्हती. "हरिसिंग राठोड. गाव दारव्हा. गाडी नाही." आतल्या माणसाने रकान्यात रेघ ओढली आणि टोकन दिलं: नंबर एकवीस, वेळ सव्वादोन.

नागोरावांनी बूट सोडवून हातात दिले. सरांनी पायात घालायला उलटे केले तर तळव्यावर खडूने लिहिलं होतं, नऊ पाच. त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ सेहेचाळीस. पुन्हा तळवा पाहिला, पुन्हा घड्याळ.

"एक्केचाळीस," ते स्वतःशीच म्हणाले.

दीपमालाने अहवालाचं एकोणिसावं पान उघडून पुढे केलं, वर पेन ठेवलं. सरांनी बूट बगलेत धरून, अनवाणीच, सही केली. खाली तारीख घातली आणि "निरीक्षण परीक्षकाने स्वतः पडताळले" असं वळणदार अक्षरात लिहिलं.

रामलालचा नंबर बाविसावा होता, म्हणजे अडीचची वेळ. तो अदबीने पुढे झाला. "सर, तुमच्याजवळ काही कापूस नाही. ते टोकन मले देऊन द्या नं."

सरांनी टोकन घडी करून खिशात घातलं.

"काहून देऊ? एक्केचाळीस मिनिटं उभा हावो मी." मग त्यांनी मोबाइल काढला, दारव्ह्याला मोठ्या भावाला लावला आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "भाऊ, घरातला कापूस गाडीत भर. लवकर निघ. नेरले सव्वादोनचा नंबर लावून राह्यलो."