हुसेनचाचांची तिसरी चप्पल

हुसेनचाचा पिंजारी नळदुर्गात कुठंही निघाले, की पायांत दोन चपला असत आणि काखेत तिसरी. ही तिसरी कोरी करकरीत होती. तिला कधी जमिनीचा स्पर्श झाला नव्हता आणि होणारही नव्हता.

चाचांना फेफरं येई. फेफरं आलेल्याच्या नाकाशी पायताण धरायचं, हा आमच्याकडचा ठरलेला इलाज. गडबडीत ज्याच्या पायात जे असेल ते पुढं येई. एकदा पाटलांचं आलं, तेही थेट गोठ्यातून. "फेफरं लगेच गेलं," चाचा सांगत, "वास मातर चार दिस गेला न्हाय." त्यानंतर त्यांनी स्वतःची चप्पल बाळगायला सुरुवात केली.

"पण चाचा, चपलेनं खरंच फरक पडतो?" मी एकदा विचारलं.

"छट्! पाव्हणा त्याच्या मर्जीनं येतो, त्याच्या मर्जीनं जातो. पर बघनाऱ्याच्या हाताला काय तरी काम नको? लई घाबरतात बिचारे."

मी थक्क झालो. पडणार हे, आणि काळजी उभ्या राहिलेल्यांची!

फेफऱ्याला ते पाव्हणा म्हणत. येण्याआधी त्यांना क्षणभर चाहूल लागे. मग हातातलं धनुकलीसारखं पिंजण बाजूला ठेवून, "पाव्हणा येतोय, जागा करा," असं म्हणत ते कापसाच्या ढिगावर कुशीवर होत. अल्लानं आपल्याला आजार आणि धंदा दोन्ही जोडी बघून दिलेत, असं त्यांचं म्हणणं.

एकदा निजामाच्या कचेरीतले एक पेशकारसाहेब गादीचं माप द्यायला आले होते. शेरवानी, रुमी टोपी, सगळा थाट. चाचांनी अदबीनं त्यांच्या हातात चप्पल दिली, "साहेब, जरा तकलीफ," एवढंच म्हणाले आणि आडवे झाले. चाचा दाढीभर कापूस घेऊन उठेपर्यंत पेशकार घामानं निथळत, चप्पल धरून उकिडवे बसले होते. पुढं कचेरीत ते, पिंजाऱ्याला आपणच बरं केलं, असं छाती फुगवून सांगत. चाचांनी त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

याच सुमारास माझी धाकटी बहीण गोदा उमरग्याहून सासर सोडून आली. सोडून कसली, पाठवलीच त्यांनी. भर पंगतीत वाढताना तिला फेफरं आलं होतं. आईनं देवऋषी केले, अंगारे झाले. गोदानं माजघरातला अंधारा कोपरा धरला तो धरलाच. अंगणातसुद्धा येईना. "दादा, माझं तोंड कसं होतं ते सगळ्यांनी बघितलंय," एवढंच म्हणे. पोरगी अशीच कोपऱ्यात संपणार, अशी मला धास्ती वाटे.

आमच्या जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायला मी चाचांना अंगणात बसवलं. पिंजणाच्या टणटणीनं गोदा दाराआड येऊन उभी राहिली. तेवढ्यात चाचा म्हणाले, "पाव्हणा येतोय."

मी चप्पल उचलली. पण माझ्याआधी गोदा उंबरा ओलांडून आली आणि त्यांच्या उशाशी बसली. त्यांचे हातपाय ताठले, झटके आले, तोंडाला फेस आला. ती पापणी न हलवता बघत होती. झटके थांबले, श्वास संथ झाला, चाचा झोपले. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"दादा, एवढंच असतं?" तिनं विचारलं. "मी बी अशीच दिसते?"

"अशीच," मी म्हणालो. आई दारात रडत होती.

चाचा जागे झाले, तर समोर गोदा. ते ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं प्रथमच पाहत होतो. "भ्यालीस का गं, पोरी?"

"न्हाय, चाचा. जरा हातपाय झाडलेत. मग ल्हान लेकरागत झोपलात."

चाचा दाढीतला कापूस वेचत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी कसा दिसतो, ते आजवर कुनाला इचारलं न्हाय बघ. भ्या वाटायचं."

सगळ्या गावाची भीती सांभाळणारा हा माणूस!

गोदा आत गेली नाही. तिथंच बसून कापूस सारखा करू लागली. चाचांनी पिंजण उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"पोरी," ते म्हणाले, "काय म्हनलीस मगा? लेकरागत? परत एकदा सांग की."