बशीरचाचांच्या गाडीतलं दही

आमच्या गल्लीत दही गाडीत लागायचं. बाकीचं नंदुरबार स्वयंपाकघरात विरजण लावतं. आमचे बशीरचाचा मात्र रविवारी दुपारची नमाज आटोपून आले की दुधाचं पातेलं जुन्या अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर ठेवत, चाचीच्या शालीत लहान लेकरासारखं गुंडाळत आणि रनाळ्याच्या रस्त्याला लागत. चार वाजता परत येत. दही न फुटता लागलं असेल तर गाडी पास, फुटलं असेल तर नापास. तीन वर्षं ती गाडी दर रविवारी नापास होत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, पण इतक्या नेमानं नापास होणारा विद्यार्थी काही माझ्या वर्गात आला नाही.

यात माझा संबंध विरजणापुरता. चाचीचं विरजण आंबट होतं म्हणून दर रविवारी सकाळी ती वाटी घेऊन आमच्या दारात यायची. माझं विरजण माझ्या आईच्या घरचं आहे आणि त्याच्या दह्यात सुरी घातली तर सुरी उभी राहते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढे त्यावरूनच सगळं रामायण झालं म्हणून सांगते.

चाचा मूळचे कमानपाट्यांचे कारागीर. ट्रकच्या चाकावर ते वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांचे थर असतात ना, ते पाटे. धुळे रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भट्टी होती. सकाळी सातला ठण्‌ ठण्‌ सुरू झालं की मी कुकर लावायची. घड्याळाकडे बघायची गरजच नव्हती. पुढे त्यांचा खांदा गेला, डॉक्टरांनी मोठ्या हातोड्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि दुकान बंद झालं. ठण्‌ ठण्‌ थांबलं. आम्ही म्हटलं, बरं झालं, आता म्हातारपणी आराम करतील. आणि मी भिंतीवर नवं घड्याळ लावलं.

चाचा माणसांकडेही गाडी म्हणूनच बघत. आमचे हे पाटबंधारे खात्यात आहेत. एकदा हे भाजी घेऊन येत होते, तर ओट्यावर बसलेल्या चाचांनी यांची चाल जरा वेळ न्याहाळली आणि गंभीरपणे सांगितलं, "साहेब, तुमना मांगला डावा पाटा बठेल शे." झालं. हे दोन महिने कमरेला पट्टा बांधून हिंडले. नवरदेवाची घोडी असो की पेटी उचललेला हमाल, सगळ्यांवर चाचांचा एकच शेरा. "लोखंडले बी कंबर ऱ्हास बेटा, मंग मानूसले नही का?"

तर ही गाडी. रनाळ्याच्या एका पाटील घराण्याची, कधीकाळी पांढरी असलेली. कित्येक वर्षं ती त्यांच्या खळ्यात निंबाखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. पाटलांना खळ्यात जागा हवी होती, म्हणून चाचांनी गाडी ओढून आणली. गल्लीत आली तेव्हा डिकीत एक खुडूक कोंबडी बसलेली निघाली. ती पुढे आठ दिवस उठायला तयार नव्हती, म्हणून चाचांनी आठ दिवस मागच्या चाकाला हात लावला नाही. गाडी सुरू झाली त्या दिवशी चाचांनी मोठ्या हौसेनं चाचीला बसवलं. तिला लोणखेड्याला माहेरी न्यायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी गटारीवरची फरशी आली, गाडीनं उडी घेतली आणि चाचीचं डोकं छताला लागलं. चाची खाली उतरली, ओढणी सारखी केली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमनी गाडीमा दही न हालता लागी, त्या दिन मी बठसू."

एवढं बोलून ती एसटीनं लोणखेड्याला गेली. चाचांनी मात्र ते शब्द मनावर घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रकांना कंबर दिली, आणि आपली बायको आपल्या गाडीत बसत नाही, हे काही त्यांना सोसेना. तिला एकदा त्या गाडीतून माहेरी न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. गल्लीतल्या पोराटोरांनाही ती ठाऊक होती.

मग सुरू झाला कारखाना. आधी पाटे काढले. खांद्याला झेपेल अशा बारक्या हातोडीनं एकेक पाटा ठोकून पातळ केला, दोन पाट्यांच्या मध्ये नायलॉनचे तुकडे घातले. दही फुटलं. मग जुने शॉकअप काढून नव्या तऱ्हेचे उभे शॉकअप बसवले. दही फुटलं. मग बारके टायर गेले, रुंद रिमा आल्या, त्यावर रेडियल टायर चढले. हवा किती भरायची ते चाचा मीटरवर बघत नसत, आपण कणीक बघतो तसं अंगठ्यानं दाबून बघत. तरी दही फुटलंच. फुटलेल्या दह्याची चाची कढी करायची आणि घरोघर वाटायची. रविवारी संध्याकाळी आमच्या अख्ख्या गल्लीत कढी असायची. अजूनही रविवारी कढीची फोडणी कुठून नाकात शिरली की मला ती गल्ली आठवते, ओट्यावर पसरलेले पाने-हातोड्या आठवतात, आणि गाडीखालून बाहेर आलेले चाचांचे दोन पाय आठवतात.

ब्रेकचा रविवार तर मी विसरणं शक्यच नाही. चाचांनी मालेगावच्या भंगार बाजारातून कुठल्याशा नव्या गाडीचे डिस्क ब्रेक आणले आणि पुढच्या चाकांना बसवले. आमचे हे हौसेनं मागच्या सीटवर पातेल्याशेजारी बसून गेले. परतीच्या वाटेवर एक बकरी आडवी आली. चाचांनी पूर्वीच्या सवयीनं ब्रेकवर पाय दाबला, आणि गाडी तिथल्या तिथे उभी. बकरी वाचली. पातेलं, शाल, दही आणि पाटबंधारे खातं मात्र एकदमच पुढच्या सीटवर आलं. यांच्या कानातून संध्याकाळपर्यंत दही निघत होतं. चाचांना यांची फारशी काळजी वाटलेली दिसली नाही. "ब्रेक असा लागाले पाहिजे का बठेल मानूसले समजवालेच नको," असं स्वतःशीच म्हणत ते पाना शोधायला गेले. महिनाभर त्या ब्रेकवर बसले होते. नंतर खरोखरच असा ब्रेक झाला की गाडी थांबली हे खिडकीतून बाहेर बघितल्यावर कळे.

तरीही दही फुटतच होतं. आणि आता चाची चारचौघींत म्हणायला लागली, "गाडीना काय दोस नही. सुनंदानं विरजणच पातळ शे."

सुनंदा म्हणजे मी. हे मला लागलं. आईच्या घरच्या विरजणाला कुणी नाव ठेवलं तर कोण ऐकून घेईल? मी घरी तेच विरजण लावून बघितलं. सुरी उभी. यांच्याकडून दूध तपासून घेतलं. दूधही ठीक. मग एका रविवारी चारच्या सुमाराला नागलीचे पापड द्यायचं निमित्त करून मी चाचीच्या मागच्या दारानं आत गेले. चाचा नुकतेच पातेलं ठेवून हातपाय धुवायला गेले होते. चाचीची माझ्याकडे पाठ होती. तिनं झाकण उचललं. दही असं लागलं होतं की वर माशी बसली असती तर घसरली असती. चाचीनं ते घटकाभर बघितलं. मग चमचा उलटा धरला, त्याच्या दांड्यानं दह्यात एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली, पातेलं गदागदा हलवलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं, "फुटनं."

मी पापड तसेच हातात घेऊन घरी आले. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. म्हटलं, तीन वर्षं एका साध्या माणसाला फसवते ही बाई, आणि वर माझं विरजण बदनाम करते. हे म्हणाले, तू यात पडू नकोस. हे असं म्हणाले की मी हमखास पडते.

पुढच्या रविवारी चारला पाच कमी असताना मी गल्लीत उभी राहिले. गाडी आली तशी मी मागचं दार उघडलं, पातेलं काढलं आणि झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. समोरच्या शिंप्याच्या घरातले आले, पलीकडचे आले. दह्यावर एक रेघ नव्हती, कडेला पाण्याचा थेंब नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, चला चाची, आता बसा गाडीत. मी विजयी मुद्रेनं चाचांकडे बघितलं. चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. दारात चाची उभी होती आणि तिच्या हातात चमचा होता.

चाचा गाडीतून उतरले आणि असरच्या, म्हणजे संध्याकाळपूर्वीच्या, नमाजला गेले. चाचीनं मला हाताला धरून आत नेलं. मी भांडायच्या तयारीत होते, पण ती भांडली नाही. तिनं खोलीतली एक भिंत दाखवली.

"दुकान बंद व्हयनं ना, तवय सा महिना ह्या भिंतकडे तोंड करी बसेल व्हतात. जेवा म्हनं का जेवेत, झोपा म्हनं का झोपेत. एक सबद बोलेत नही. मी एखलीच बडबड करू. मंग गाडी उनी आनि मानूस परत उना." तिनं डोळ्याला ओढणी लावली. "आते गाडी तयार व्हयनी. उद्या काय करतीन ह्या?"

ती भिंत आमचीच. दोन्ही घरांच्या मध्ये ती एकच भिंत आहे. पलीकडच्या अंगाला मी नवं घड्याळ लावलं होतं. सहा महिने मी त्या घड्याळाकडे बघून कुकर लावत होते आणि वीतभर पलीकडे हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. मी चाचीला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "चुकनं तं चुकनं. आते मन्हासंगे गाडीमा बठ."

पाचला आम्ही निघालो. पुढे हे, मागे उजवीकडे चाची आणि डावीकडे मी. गटारीवरची फरशी आली कधी आणि गेली कधी, कळलं नाही. प्रकाशाच्या पुलावर चाचीनं काच खाली केली आणि तापीकडे बघत राहिली. हे तर तोंड उघडं टाकून झोपले. चाचा आरशात एकदा चाचीकडे बघत आणि पुन्हा रस्त्याकडे. लोणखेड्याला चाचीच्या बहिणीनं चहा केला, मागच्या सीटवर बसून बघितलं, बाई गं, घरातल्या गादीपेक्षा मऊ, असं म्हणाली. चाचांनी नुसती मान हलवली. इतकं कौतुक होत होतं आणि माणूस सुतक असल्यासारखा बसला होता.

दिवेलागणीला गल्लीत परत आलो. चाचांनी इंजिन बंद केलं, पण ते उतरले नाहीत. पुढे बघतच त्यांनी विचारलं, "कसी वाटनी?"

चाचीनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "गाडी चांगली शे. पन मांगे डावा बाजूले काई तरी वाजस. बारीक. टुक टुक."

त्या चाकावर मीच बसले होते. जाताना-येताना मिळून दोन तास बसले होते. काहीही वाजत नव्हतं. आमचे हे जागे झाले होते. ते खात्यात खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, त्यांनी तोंड उघडलंच. मी मागून त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य त्यांच्या पोटात गेलं.

"हो चाचा," मी म्हटलं. "मलाही ऐकू आलं. लोणखेड्यापासून वाजतंय."

चाचांनी मान तिरपी करून बंद गाडीचा कानोसा घेतला. बराच वेळ घेतला. "मालेबी प्रकाशाना पूलवर शंका उनी व्हती," ते म्हणाले, आणि उतरून लगेच त्या चाकाशी उकिडवे बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भिंतीपलीकडून ठण्‌ ठण्‌ ऐकू आलं. मी चहा घेऊन गेले. चाचांचे पाय गाडीखालून बाहेर होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, चाचा, तुम्ही तर पातेलं स्वतः उचलून घरात नेत होतात. दही लागलंय की नाही हे हाताला कळत नव्हतं का?

हातोडी थांबली. गाडीखालून आवाज आला, "चाळीस वरीस पाटा उचला म्या. दहीनं भांडं नही समजाव का माले?" मग जरा वेळानं, हळू, "तिले सांगू नको. दर रविवारे चार वाजाले ती दारमा उभी ऱ्हास, मन्ही वाट देखत. दुकान व्हतं तवय कधी उभी नही ऱ्हायनी." आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

मी चहाचा कप चाकाशेजारी ठेवून घरी आले. घड्याळ काढून ठेवावं असं वाटलं, पण नाही काढलं.

पुढे माझी तळोद्याला बदली झाली आणि ती गल्ली सुटली. पण लोणखेड्याच्या फेरीनंतरचा रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी चाची नेहमीसारखी वाटी घेऊन दारात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, थोडं विरजण दे. मी वाटीत चमचाभर घातलं, मग आणखी अर्धा चमचा घातलं. शिंप्याची बायको समोर कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं, "चाची, तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझं विरजणच पातळ आहे."

चाचीनं माझ्या गालावरून हात फिरवला, वाटी ओढणीखाली झाकली आणि दूध तापवायला घरी गेली.