अनावश्यक रुचकरपणा

संस्थेची प्रगती तिच्या उष्ट्यावरून मोजावी, असं आमच्या कार्यालयाचं ठाम मत आहे.

म्हणूनच मागच्या अंगणात हवाबंद टाकी बसली. तत्त्व सोपं: खरकटं आत टाकायचं, जिवाणू ते आंबवतात, हायड्रोजन सोडतात, आणि त्याच्या विजेवर साहेबांच्या खोलीतला पंखा फिरतो. (जिवाणू रजा मागत नाहीत. म्हणून त्यांना कर्मचाऱ्यांत मिसळू दिलेलं नाही.)

पहिल्या महिन्यात पंखा एकूण अकरा मिनिटं फिरला. समिती नेमली. तिने तीन दिवस कँटीनमध्ये जेवून दोषी शोधला: काकू. बावीस वर्षं कँटीन सांभाळणाऱ्या या बाईंच्या हाताला अशी चव, की एकशे चाळीस ताटांत मिळून उरल्या सात मिरच्या आणि एक तेजपान. (समितीची ताटंही लख्ख होती. अहवालात जागा नव्हती.)

टाकीचे इंजिनिअर काकूंकडे गेले.

"काकू, अधूनमधून मीठ विसरत चला ना."

"कुणाच्या ताटात?"

"सगळ्यांच्याच. पर्यावरणासाठी."

"अहो, पहाटे उठून मी काय लोकांना उपाशी ठेवायला येते?"

"जिवाणू उपाशी आहेत, काकू."

"मग त्यांनाही बसवा पंगतीला. वाढते मी."

दुसऱ्या दिवशी लेखी ठपका आला: 'अनावश्यक रुचकरपणा'. काकूंनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले, झारा घासून जागेवर टांगला आणि त्या निघून गेल्या. पंधरवड्यात समोरच्या गल्लीत त्यांची खानावळ उभी राहिली.

त्यांच्या जागी रीतसर निवडलेला आचारी आला. त्याच्या डाळीबद्दल मतभेद आहेत. काही जण तिला डाळ मानत नाहीत. आता सगळं कार्यालय दुपारी काकूंकडे जेवतं आणि कँटीनचा स्वयंपाक पातेल्यातून थेट टाकीत जातो. (मधला ताटाचा टप्पा वगळल्याने मनुष्यबळ वाचलं.) पंखा दिवसभर भन्नाट फिरतो. खाली कुणी नसतं. साहेबही खानावळीच्या रांगेत असतात. काकू त्यांना आग्रह करकरून वाढतात, त्यामुळे त्यांना मान वर करता येत नाही.

प्रकल्पाला 'आदर्श' म्हणून मानपत्र मिळालं आहे. सत्काराला आपण सहकुटुंब यावं. जेवण कँटीनमध्येच आहे. संकोच नको, घरी रोज जेवढं टाकता, तेवढंच इथे टाका.