इस्त्री करून आणलेला पुरावा

नवऱ्याचं बाहेर कुठे काही आहे का, हे तपासायला सुमनवहिनींनी त्याचा शर्ट आमच्या लॅबमध्ये आणला, तो स्वच्छ धुऊन, नीळ देऊन आणि कडक इस्त्री करून.

मी नाशिकच्या एका खासगी फॉरेन्सिक लॅबमध्ये काउंटरवर बसते. सही खरी की खोटी, ठसा कोणाचा, ही आमची नेहमीची कामं. पण स्वभावाला औषध नसलं तरी संशयाला तपासणी असते. त्यामुळे कोणी बायकोची ओढणी आणतं, कोणी नवऱ्याचा बनियन. कपडा न धुता, कागदी पाकिटात आणायचा, एवढीच अट. तशी पाटीच लावली आहे.

सुमनवहिनी आमच्या गल्लीतल्या. नाव मी बदललंय. गोष्टी पोटात ठेवल्या नाहीत तर आमच्या धंद्यात पोट भरत नाही.

"वहिनी, पाटी वाचली नाही का? धुतल्यावर आम्ही काय शोधणार?"

"वाचली की. ती बाकीच्यांसाठी असंल. मळका कपडा परक्याच्या हातात द्यायचा म्हंजे काय? उद्या तुम्हीच म्हणाल, हिच्या घरात साबण नाय."

आमच्या सरांनी तो शर्ट दिव्याखाली धरला. बटणंसुद्धा चमकत होती. 'काही आढळले नाही' असा रिपोर्ट गेला. पुढच्या मंगळवारी वहिनी दुसरा शर्ट घेऊन हजर. तोही धुतलेला. असे पाच मंगळवार झाले.

बरं, नुसतं येऊन बसतील तर त्या वहिनी कसल्या. एका गृहस्थांनी बायकोचा दुपट्टा आणला होता. पाकीट टेबलावर उघडं होतं, मी फोनवर होते. वळून बघते तर वहिनी दुपट्टा घेऊन बेसिनपाशी उभ्या. "हळद हाय. ताजी हाय तवर निघंल," म्हणत त्यांनी नळाला हात घातलाच होता. सर धावत आले म्हणून पुरावा वाचला. दुपट्ट्यावर खरोखर हळदच निघाली, हे सरांनी मला हळूच सांगितलं.

मी एकदा विचारलं, "पण वहिनी, तुम्हाला संशय आला कशावरून?"

"बोलत नायत. पोरगी सासरी गेली, त्याला दोन वर्षं झाली. तवापासून वाढलं की जेवत्यात, पाळी आली की सातपूरच्या कारखान्यात जात्यात. मीठ दे, पाणी दे, संपलं. माणूस घरात बोलत नाय म्हंजे बाहेर बोलत असंल ना?"

तर्क बिनतोड होता. मी गळ घातली, की एकदा तरी न धुतलेला आणा. शेवटी त्या आल्या, शर्ट तीन पिशव्यांत गुंडाळून, खाली मान घालून. चोरी जणू त्यांनीच केली होती.

त्या शर्टावर मात्र बरंच सापडलं. मशीनचं ऑइल, घाम, तंबाखूचा चुना, आणि खांद्यावर एक लांब केस. मेंदीनं लाल झालेला, मुळाशी पांढरा. सरांनी वहिनींचा एक केस मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

मी रिपोर्ट हातात ठेवला. "वहिनी, केस तुमचाच आहे. दुसरी कोणी नाही."

मला वाटलं, आता पेढे येतील. त्या बाकावर बसल्या.

"नीट बघितलं?"

"दोनदा."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

त्यांनी रिपोर्टची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "असती तर बरं झालं असतं, ताई. मी भांडायला नसते गेले. तिला एवढंच विचारलं असतं, ह्यांच्याशी काय बोलायचं असतं."

पाच मंगळवार मी या बाईला हसले होते. मला माझीच लाज वाटली. मी चहा मागवला.

चहा निवून गेला तरी वहिनी बोलत होत्या, आणि सगळं नवऱ्याबद्दलच. लग्न होऊन घोटीहून नाशिकला येताना एसटीत तो शेजारी बसून असा काही बोलत सुटला, की पाथर्डी फाट्याला उतरायचं दोघंही विसरले. कंडक्टरनं पार पुढे, शहरातल्या मुंबई नाक्याला उतरवलं.

"तिथनं मागं चालत आलो. ट्रंक ह्यांच्या डोक्यावर, तरी तोंड चालूच. मी नुसती ऐकत हुते, ताई. म्हटलं, आज ह्यांचं हुंदे. माझं सांगायला आख्खा जन्म पडलाय."