बटाट्यातला उजेड

बारा व्होल्टला मी वीज मानतच नव्हते! वीज म्हणजे भिंतीतली. ती चिडली तर माणूस जागेवरून हलत नाही. बारा व्होल्ट म्हणजे विजेचं शेंडेफळ. कान धरावा आणि म्हणू तिथे बसवावं. शिवाय मी घरातला नळ, कपडे धुण्याचं यंत्र आणि एकदा तर चर्चचा ऑर्गनसुद्धा नुसती पुस्तकं वाचून दुरुस्त केलेला आहे. (ऑर्गन त्यानंतर एक सूर सोडायला तयार होईना, पण सूर चांगला होता.) तेव्हा आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये एलईडी दिवे बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

त्या ट्रेलरला माझा नवरा हार्लन 'बटाटा' म्हणतो. आकार तसाच, रंग तसाच. आत दोघं आडवे झालो की कूस बदलायला एकमेकांची परवानगी लागते. दरवर्षी जूनच्या अखेरीस आम्ही बटाटा गाडीमागे जोडतो आणि मिशिगनच्या उत्तरेला नदीकाठच्या कॅम्पवर जातो. कारण तेव्हा हेक्स उठतात.

हेक्स म्हणजे बोटाच्या पेराएवढी पंखवाली पाखरं. दोन वर्षं नदीच्या गाळात काढतात, मग जूनमधल्या काही संध्याकाळी अंधार पडता पडता वर येतात, उडतात, प्रेम करतात, मरतात. त्यांच्यासाठी नदीतले सगळ्यात मोठे, सगळ्यात हुशार मासे वर येतात. आणि त्या माशांसाठी आमच्याकडचे पुरुष येतात. काठावर ओंडक्यांवर ओळीने बसतात. बोलत नाहीत, खोकतसुद्धा नाहीत. आणि दिवा? देवाचं नाव घ्या! हेक्सच्या संध्याकाळी पाण्यावर उजेड पाडणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या वर्षी कोणी 'कसं काय' म्हणत नाही. सूर्य कलला की कॅम्पची म्हातारी व्यवस्थापक अर्विला तंबूतंबूतून फिरते आणि कंदील विझवायला लावते. तिच्या धाकाने काजवेसुद्धा दबकत चमकतात.

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी हार्लन नदीवरून लवकर परत आला.

"आज मासेच नव्हते," म्हणाला.

मी दारात बसून सगळा वेळ ऐकत होते. डुबुक! डबाक! कोणीतरी नदीत भोपळे टाकतंय असे मासे उडत होते. त्याच्या हातातल्या दोऱ्याच्या टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं. गळावर रंगीत दोरा गुंडाळून हेक्ससारखी नकली माशी केलेली असते; तिच्या नेढ्यातून दोरा ओवायचा, गाठ मारायची, एवढंच काम. लहानपणापासून डोळे मिटून केलेलं. आता डोळे उघडूनही होईना. मी म्हटलं, "हो का? पुढच्या वर्षी असतील." एवढ्या वर्षांच्या संसारात मला नको तेव्हा ऐकू न येण्याची कला चांगली साधली आहे.

डॉक्टर म्हणाले, नजरेच्या मधोमध धुकं बसलंय. कडेचं दिसेल, समोरचं कमी होत जाईल. भरपूर उजेडात कामं करा. हार्लनने घरी येऊन ऐकवलं ते असं: "बटाटा तुझ्या भावाला देऊन टाकू. यंदाचं हेक्स शेवटचं. माशी बांधता आली तर ठेवू, नाहीतर ड्वेन ट्रक घेऊन येईलच त्या रविवारी."

ड्वेन लगेच मोजपट्टी घेऊन हजर! "ताई, मी याला हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर ठेवणार. आत बिअर छान गार राहील."

"आधी तू गार हो," मी म्हटलं, आणि त्याच दिवशी दिव्यांच्या दुकानात गेले.

"कशासाठी हवेत?" दुकानदाराने विचारलं.

"नवऱ्यासाठी."

"मला वाटलं ट्रेलरसाठी."

"एकच आहे ते."

त्याने मला समजावलं. पाकिटावरचा आकडा लहान तर उजेड लोण्यासारखा पिवळा. आकडा मोठा तर पांढरा, मग निळसर, मग शवागारासारखा. "कॅम्पिंगला पिवळाच घ्या. डोळ्याला बरा, आणि पाखरं कमी येतात."

"सगळ्यात मोठा आकडा कुठला?"

"बाई, त्याखाली दाताचे डॉक्टर काम करतात!"

"मग द्या तोच."

चिकटपट्टीसारखी लांबच लांब गुंडाळी मिळाली, त्यावर दाणे दाणे दिवे. सोबत चिमुकला रिमोट, त्यावर गोळ्यांच्या पाकिटासारखी रंगीबेरंगी बटणं. घरी येऊन जोडली तर ढिम्म! मी तिला, दुकानदाराला आणि एडिसनच्या खानदानाला नावं ठेवली, मग कळलं की तारा उलट्या लावल्यात. सुलट्या लावल्या. लागली! आणि क्षणात जळक्या टोस्टचा वास. बॅटरीला चार्जर लावलेला असताना बारा व्होल्ट हे बारा राहत नाहीत, चौदाच्या पुढे जातात, हे शेंडेफळ मला बोललंच नव्हतं. दुसरी गुंडाळी आणली, जास्त सोसणारी.

ती बटाट्याच्या आत छताभोवती फिरवली. निम्मी उरली. दुकानदाराने सांगितलं होतं की खुणेवर कात्री लावा. पण चांगली, नवी, चालणारी वस्तू कापायची? मी पावाचे कोरडे काठसुद्धा फेकत नाही! उरलेली निम्मी खिडकीतून बाहेर काढली आणि बाहेरच्या छज्ज्याखालून पार मागच्या चाकापर्यंत चिकटवली. भर दुपारी बटण दाबून पाहिलं. उन्हात बाहेरचं काही दिसलं नाही, आत मात्र लख्ख. मी खूश! खिडकीला जाड काळे पडदे शिवले, म्हणजे नदीवर उजेडाचा कणही जायला नको. बघा, किती विचार केला होता मी! फक्त चाकापर्यंत गेलेल्या शेपटीचा विसर पडला.

शनिवार. हवा दमट, वारा पडलेला, अगदी हेक्सची संध्याकाळ. अर्विलाची फेरी झाली. काठावर माणसं बसली. मी बटाट्याच्या दाराशी शेगडीवर राजम्याची भाजी ढवळत होते. पहिला मासा उडाला. दुसरा उडाला. आणि अंधारातून पावलं वाजली.

"आज मासेच नाहीत," हार्लन म्हणाला.

डबाक, नदी म्हणाली.

आम्ही दोघांनी ते ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दोरा बोटांभोवती गुंडाळत राहिला, आणि त्या गुंडाळण्यात ड्वेनचा ट्रक मला स्पष्ट दिसला.

"आत ये," मी स्वतः आत शिरत म्हटलं. "दार लाव. बस टेबलाशी." आणि बटण दाबलं.

आत दिवस उजाडला. बाहेरही! बाहेर म्हणजे समोरचे देवदार, पलीकडचा काठ, ओंडक्यांवरची माणसं, एकाच्या दाढीत अडकलेला पावाचा तुकडा. सगळं निळंपांढरं लख्ख, जणू नदीची शस्त्रक्रिया आहे.

"कोण आहे रे तो?"

"दिवाऽऽ!"

"बंद कर ते, गाढवा!"

मी रिमोटवर सापडेल ते बटण दाबलं. दिवे लाल झाले. पुन्हा दाबलं. लाल-निळे, लाल-निळे, भराभर, पोलिसांच्या गाडीसारखे! काठावर एकदम सन्नाटा. मग मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर सगळेच्या सगळे उठून उभे, एका हातात मासेमारीचा परवाना उंच धरलेला! एक जण ठरलेल्यापेक्षा जास्त पकडलेले मासे हळूच पाण्यात सोडत होता.

मी आणखी एक बटण दाबलं. पुन्हा पांढरं झालं, आणि घामाने रिमोट निसटला तो जाळीच्या दाराच्या फाटक्या कोपऱ्यातून थेट बाहेरच्या राजम्यात.

आणि मग हेक्स आले. नदीवरचे सगळे. दोन वर्षं गाळात वाट पाहिली ती जणू याच उजेडाची! छपरावर, दारावर, भांड्यात, माझ्या केसांत. रिमोट काढायला दार उघडलं तर निम्मे आत. बटाटा सळसळायला लागला.

"नेल्डाऽऽ!" अर्विला काठी आपटत आली. "तुझं ते स्टेडियम बंद कर! तू? एवढी जुनी माणसं तुम्ही!"

"करते, अर्विलाबाई, करते!" फ्यूजची पेटी पलंगाखाली. मी गुडघ्यावर बसले, फ्यूजला हात घातला.

"नेल्डा, थांब."

हार्लनच्या अंगठ्यावर एक हेक्स बसला होता. तो मान किंचित वळवून, डोळ्याच्या कडेने, त्याच्याकडे बघत होता. पंखांवरच्या रेघा, शेपटीचे दोन केस.

"याचं पोट पिवळं नाही गं," तो हळूच म्हणाला. "सायीच्या रंगाचं आहे. मी आयुष्यभर माशीला चुकीच्या रंगाचा दोरा वापरला."

मग त्याने गळ उचलला. दोरा उचलला. मान तशीच तिरकी.

"बंद कराऽऽ!" काठ ओरडला.

"एक मिनिट!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी हेक्सच्या संध्याकाळी ओरडले. दारात हात पसरून उभी राहिले, तोंडासमोर पाखरं, डोक्यावर पाखरं. "गाठ बांधतोय तो!"

अर्विलाने माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. मग वळली आणि त्या बाईने, जी काजव्यांनाही दटावते, काठी उंचावून सगळ्या काठाला सांगितलं, "गप्प बसा रे! हार्लन गाठ बांधतोय!"

आणि बसले! ओंडक्यांवर, त्या भयाण उजेडात, परवाने हातात घेऊन, सगळे एका गाठीची वाट बघत बसले. दोरा नेढ्याशी गेला, चुकला. गेला, चुकला. कोणीतरी खोकलं, त्याला शेजाऱ्याने कोपराने ढोसलं.

दोरा गेला. त्याने वेढे घातले, जिभेने ओला केला, ओढला.

"हं," हार्लन म्हणाला. "कर आता."

मी फ्यूज उपटला.

अंधारात तो नदीकडे गेला. कोणीतरी सरकून त्याला ओंडक्यावर जागा दिली. बऱ्याच वेळाने परत आला तो कमरेपर्यंत भिजलेला, आणि टोपलीत काहीच नाही.

"मासे होते गं आज," तो म्हणाला. "खूप होते. एकही लागला नाही."

इतकी सुंदर बातमी मी त्या वर्षात ऐकली नव्हती.

रविवारी ड्वेन ट्रक घेऊन आला. बटाट्यावर मेलेल्या हेक्सचा जाड थर, उन्हात सडलेल्या माशासारखा वास. "ताई, हे काय? काय सडलंय इथे?"

"घेऊन जा की," हार्लन म्हणाला. "पण राजमासुद्धा न्यावा लागेल."

ड्वेन रिकामाच गेला. आम्ही बादली, फडकं घेऊन बटाटा धुवायला लागलो. आतल्या कोपऱ्यातली पाखरं दिसावीत म्हणून मी फ्यूज पुन्हा लावला. हार्लन माझ्याकडे बघत राहिला, मान जराशी तिरकी करून. माझं मन भरून आलं. म्हटलं, आता काहीतरी बोलेल.

"तुझ्या केसांत अजून बरेच हेक्स आहेत," तो म्हणाला, आणि वेचायला हात पुढे केला. मग हात तिथेच थांबला. "अगं... हे तर केसच पांढरे आहेत! कधी झाले?"

सोमवारी मी पुन्हा दुकानात. हार्लनच्या टेबलावर पुरेल एवढा पांढऱ्या पट्टीचा तुकडा ठेवायचा ठरवला होता. त्यासाठी सकाळीच कात्री लावली, सरळ खुणेवर! बाकीच्या बटाट्यासाठी आता सगळ्यात लहान आकडा मागितला, लोण्यासारखा, मंद.

"पाखरांमुळे का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पाखरांमुळेच."