विहिरीत कोण पडलं होतं?

ब्रॉक टॅल्मन गाडीच्या मागच्या सीटवर बसून स्वतःचं बालपण पाठ करत होता.

"शाळेच्या विहिरीत मी पडलो तेव्हा किती वर्षांचा होतो?"

"सात," शेजारी बसलेला ऑर्विल निब्लेट म्हणाला. "आणि 'पडलो' म्हणायचं नाही. लायलने ढकललं. मागच्या मुलाखतीतही तुम्ही इथेच घोळ घातलात, साहेब."

"हा लायल खरोखर कुणी होता का रे?"

ऑर्विल खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर मोंटानाचं गवत होतं आणि गवतापलीकडे आणखी गवत होतं.

आता खरं सांगायचं तर ब्रॉक टॅल्मन हा मूळचा न्यूअर्कच्या एका शिंप्याचा मुलगा, मॉरिस टाल्मनोविच. घोडा दहा हातांवर आला की त्याला शिंका सुरू व्हायच्या. पण चेहरा असा, की स्टुडिओच्या मालकाने बघताक्षणी त्याला काउबॉय करून टाकलं. "काउबॉय शिंप्याच्या घरी जन्मत नसतात," मालक म्हणाला होता. "संध्याकाळपर्यंत याला एक बरंसं बालपण द्या." प्रसिद्धी खात्यातल्या ऑर्विलने ते दिलं. पाइन फोर्क नावाचं गाव, शाळा, विहीर, लायल नावाचा टारगट मित्र. तीस वर्षं मासिकांनी ते छापलं आणि अख्ख्या अमेरिकेने गिळलं.

तिथेच थांबला असता तर ब्रॉक कसला! त्याने आता स्वतःच्या आयुष्यावरच सिनेमा काढला होता. नायक तोच, निर्माताही तोच, त्यामुळे सिनेमा बुडाला तर दोघंही एकाच वेळी बुडणार होते, वर राहता बंगला जाणार होता तो वेगळाच. पहिला खेळ आज संध्याकाळी त्याच्या 'जन्मगावी' होता. वर्तमानपत्रवाले लॉस एंजेलिसहून आले होते. गावातला एक म्हातारा जरी म्हणाला, की याला आम्ही कधी पाहिलं नाही, तरी सगळा खेळ खलास.

गावात शिरताच बँड वाजू लागला. बैलासारख्या मानेचा मेयर धावत आला आणि त्याने ब्रॉकला मिठी मारली.

"ओळखलंस का रे? विहिरीत तुला ढकललं कुणी?"

"लायलने," ब्रॉक सवयीने म्हणाला.

"मीच तो! लायल टॉर्गरसन!" मेयर अभिमानाने छाती ठोकत म्हणाला. "चल, संग्रहालय दाखवतो. तुला वर काढलं ती दोरीसुद्धा ठेवलीय."

दोरी खरोखरच होती. काचेच्या पेटीत, खाली ब्रॉकच्या नावाची पितळी पाटी. मेयर फोटोवाल्यांना जागा करून देण्यात गुंतला, तेवढ्यात ब्रॉकने ऑर्विलला कोपऱ्यात ओढलं.

"हे वेडे आहेत की मी? तू रचलेली विहीर यांना आठवते कशी?"

ऑर्विलने चष्मा पुसला. "रचायला वेळ कुठे होता, साहेब? मालकांना संध्याकाळपर्यंत हवं होतं. माझ्याकडे तयार असं एकच बालपण होतं. माझं."

"म्हणजे विहिरीत..."

"मी पडलो होतो."

"मग तुला का कुणी ओळखत नाही?"

"चौदाव्या वर्षी गाव सोडलं. तेव्हा डोक्यावर केस होते. आणि तुमच्या शेजारी उभं राहिल्यावर मला बघतं कोण? तीस वर्षं मासिकांत तुमचंच नाव वाचून यांना तेच आठवतं."

ब्रॉकला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या देखणेपणाची लाज वाटली. पण लाजायलाही सवड नव्हती. बाहेर चौकात शाळेतल्या जुन्या ग्रिमस्टॅडबाई येऊन बसल्या होत्या. बाई नव्वदीच्या, नजर जवळजवळ गेलेली, पण गावाची अख्खी पिढी त्यांच्या हाताखालून गेली होती. वर्तमानपत्रवाले पुढे सरकले.

"माझ्या वर्गातला असलास तर सांगशील," बाई म्हणाल्या. "शाळेची घंटा चोरून कुठे लपवली होतीस?"

हे काही पाठ केलेल्या धड्यात नव्हतं. बँडवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं. तेवढ्यात पाठीमागून हळूच आवाज आला, "चर्चच्या ऑर्गनमध्ये."

"चर्चच्या ऑर्गनमध्ये!" ब्रॉक गरजला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि पकडला गेल्यावर नाव कुणाचं सांगितलंस?"

मागून काहीच येईना. ब्रॉक खोकला. पुन्हा खोकला. शेवटी मेलेल्या आवाजात ऑर्विल म्हणाला, "लायलचं."

"लायलचं!" ब्रॉकने त्याच दमात ठोकून दिलं.

या वेळी टाळ्या आल्या नाहीत. मेयरची मान लालबुंद झाली.

"तू होतास होय रे, हरामखोरा? बापाने पट्ट्याने फोडून काढलं मला! आठवडाभर उभ्याने जेवलो मी!"

आणि त्याने ब्रॉकच्या जगप्रसिद्ध नाकावर एक ठोसा ठेवून दिला. कॅमेरे लखलखले. मग मेयरनेच त्याला हात देऊन उठवलं आणि आपला रुमाल दिला. "फिटलं. चल आता सिनेमाला." एक वार्ताहर दुसऱ्याला म्हणाला, की इतक्या मायेने परक्याला कुणी मारत नाही. सुजलेल्या नाकाने ब्रॉकने सुटकेचा निःश्वास टाकला.

"थांबा," बाई काठी टेकत उठल्या. "माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

त्या ब्रॉकला वळसा घालून सरळ मागे गेल्या आणि त्यांनी ऑर्विलचा कान पकडला.

"दुसऱ्याला उत्तरं पुरवायची खोड गेली नाही का अजून? निब्लेटांचा ऑर्विल ना तू?"

ब्रॉकने डोळे मिटून घेतले. सिनेमा गेला, बंगला गेला. ऑर्विलचा चेहरा मात्र उजळला होता. चाळीस वर्षांनी गावात कुणीतरी त्याला नावाने हाक मारली होती.

"हो बाई! मीच! ती घंटा... ती विहीर..."

"माहितीये मला," बाईंनी त्याचा गाल थोपटला आणि गावाकडे वळून त्या म्हणाल्या, "हा ब्रॉकच्या बाकावर बसायचा. भित्रा होता, पण मनाचा चांगला. ब्रॉक विहिरीत पडला तेव्हा सगळ्यात जास्त हाच रडला होता. जेवायला घाला रे याला, वाळलाय पार."

गावाने माना डोलावल्या. आता त्यांनाही तो आठवू लागला होता.

सिनेमा जोरात चालला. दुसऱ्या दिवशी नाकाला पट्टी लावलेला ब्रॉक गाडीतून परत निघाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"ऑर्विल, गाडी वळवू या. काय व्हायचं ते होऊ दे. विहिरीत तू पडला होतास, हे मी सांगून टाकतो."

ऑर्विल गोंधळून बाहेरच्या गवताकडे बघत राहिला.

"राहू द्या, साहेब. बाई कधी चुकत नाहीत," तो म्हणाला. "रात्रभर विचार केला, तेव्हा मलाही आठवलं. मी वर काठावर उभा होतो. तुम्ही फार ओरडत होतात."

ब्रॉकने नाकावरची पट्टी चाचपली.

"पाणी फार गार होतं रे," तो म्हणाला.